आजार एक, औषधं वेगळी: स्तनाच्या कॅन्सरमध्ये जनुकं काय ठरवतात आणि आपण काय विचारायचं

परळच्या ओपीडीबाहेर ताईच्या शेजारी नेहमी एक बाई बसायच्या. दोघी त्रेचाळीस वर्षांच्या, दोघींची गाठ डाव्या बाजूला, दोघींची स्टेज दुसरी. किमो संपल्यावरही त्या बाईंची दर तीन आठवड्यांची सुई चालू राहिली आणि ताईच्या हातात मात्र रोज एक घ्यायची गोळी आली. परतीच्या लोकलमध्ये कुर्ला गेलं तरी ताई गप्प होती. मग म्हणाली, "मला स्वस्तातलं औषध देतायत का गं?"

त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला मला कित्येक महिने लागले. ताईला काही कमी दिलं जात नव्हतं. त्या बाईंच्या गाठीत हर-टू नावाच्या जनुकाच्या प्रमाणाबाहेर प्रती होत्या, ताईच्या गाठीत नव्हत्या. ती सुई ताईला दिली असती तर हृदयावर परिणाम व्हायचा धोका पत्करला असता आणि गाठीला त्याचा उपयोग नव्हता. ताईची गाठ हार्मोनवर पोसणारी होती, म्हणून तिला टॅमॉक्सिफेन. काही रुपयांची ती गोळी तिच्यासाठी खरोखर योग्य औषध होती.

मी डॉक्टर नाही. डोंबिवलीत राहते. ताईची फाईल पाच वर्षं मी सांभाळली आणि आता नात्यातल्या, ओळखीच्या बायकांसोबत त्यांच्या फाईली घेऊन जाते. त्यातून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते. एक विनंती आधीच करते: यातलं काही वाचून गोळी स्वतःहून बंद करू नका, सुरू करू नका, डोस बदलू नका. हे सगळं डॉक्टरांसमोर योग्य प्रश्न विचारता यावेत म्हणून आहे.

आधी एक फरक पक्का करा

"जेनेटिक टेस्ट" हा शब्द रुग्णालयात दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो.

पहिली गोष्ट म्हणजे गाठीतली जनुकं. पेशी बिघडत जाताना तिच्या डीएनएत बदल होतात. ते फक्त गाठीत असतात. आईवडिलांकडून आलेले नसतात, मुलांकडे जात नाहीत. ते शोधायला गाठीचा तुकडा लागतो, किंवा आजार पसरलेला असेल तर कधी रक्तात तरंगणारा गाठीचा डीएनए.

दुसरी गोष्ट म्हणजे जन्मासोबत मिळालेली जनुकं. ती अंगातल्या प्रत्येक पेशीत सारखीच असतात. त्यासाठी दोन-चार मिलिलिटर रक्त किंवा लाळ पुरते. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही नावं बहुतेकांनी ऐकलेली असतात. पण यकृतात औषधावर प्रक्रिया करणारी एन्झाइम बनवणारी जनुकंही यातच येतात, आणि त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

कुठलीही चाचणी लिहून दिली की विचारा: "ही गाठीची की माझी?" आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न, जो मी आता प्रत्येक फाईलच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिते: "उत्तर हो आलं तर कोणतं औषध द्याल, आणि नाही आलं तर कोणतं?" दोन्हीचं उत्तर एकच असेल तर ती चाचणी आत्ता करायची गरज आहे का, हे मोकळेपणाने विचारा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही, हा माझा अनुभव आहे.

पायरी १: बरणीकडे लक्ष द्या

सगळं सुरू होतं गाठीच्या तुकड्यापासून. छोट्या नर्सिंग होममध्ये बायोप्सी झाली की नमुन्याची बरणी बऱ्याचदा घरच्यांच्या हातात देतात आणि "लॅबमध्ये नेऊन द्या" म्हणतात. पिशवीत बरणी घेऊन ट्रेनने जाणारे लोक मी पाहिलेत. त्या बरणीत काय आहे आणि तुकडा त्यात कधी टाकला, यावर पुढचे रिपोर्ट अवलंबून असतात.

नमुना काढल्यापासून एका तासाच्या आत तो दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये गेला पाहिजे आणि त्यात किमान ६, जास्तीत जास्त ७२ तास राहिला पाहिजे. सलाईनमध्ये नको, कोरडा नको. उशीर झाला तर पेशींतली प्रथिनं आणि डीएनए खराब होतात, आणि असलेला हार्मोन रिसेप्टर "नाही" असा दिसू शकतो. असं झालं तर ज्या बाईला पाच वर्षं गोळीचा फायदा झाला असता, तिला ती गोळी मिळतच नाही.

म्हणून बरणी हातात आली की विचारा: यात फॉर्मलिनच आहे ना? तुकडा किती वाजता टाकला? ती वेळ बरणीच्या लेबलवर आणि फॉर्मवर लिहून घ्या. शनिवारी संध्याकाळी बायोप्सी आणि लॅब सोमवारी उघडणार असेल, तर ७२ तासांचा हिशोब तिथेच करा.

लॅब तो तुकडा मेणात बसवते. त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे पातळ काप काचेवर घेतले की त्या स्लाइड. ब्लॉक आणि स्लाइड तुमच्या आहेत. दुसऱ्या रुग्णालयात मत घ्यायला जाताना दोन्ही लागतात, आणि पुढे आणखी चाचण्या करायच्या झाल्या तर ब्लॉकच कामी येतो. मागून घ्या आणि घरी कपाटात, उन्हापासून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवा. एप्रिल-मेमध्ये मेण मऊ पडतं, ते विसरू नका.

पायरी २: पहिला रिपोर्ट वाचायला शिका

या रिपोर्टला आयएचसी म्हणतात. त्यात चार नोंदी बघायच्या: ईआर, पीआर, हर-टू आणि केआय-६७ (गाठीतल्या पेशी किती वेगाने वाढतायत याचा अंदाज).

ईआर आणि पीआर हे हार्मोनचे रिसेप्टर. एक टक्का किंवा त्याहून जास्त पेशींत दिसले तर पॉझिटिव्ह धरतात. १ ते १० टक्क्यांच्या मधली गाठ थोडी वेगळी वागते, तेव्हा नुसतं "पॉझिटिव्ह" ऐकून थांबू नका, टक्केवारी बघा.

हर-टूचे गुण ०, १+, २+, ३+ असे असतात. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह. २+ म्हणजे अजून ठरलेलं नाही, आणि लोक अडकतात ते इथे. २+ आलं की फिश नावाची चाचणी करून जनुकाच्या प्रती मोजायच्या असतात. हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असतं. "टू प्लस आहे, म्हणजे थोडं पॉझिटिव्ह" असं समजून फिश न करता पुढे गेलेली फाईल मी बघितली आहे. फिशचा कागद फाईलमध्ये आल्याशिवाय हर-टूबद्दल काही ठरलं असं मानू नका.

हर-टू पॉझिटिव्ह आजार एकेकाळी फार वाईट समजला जायचा. १९९८ साली अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅबला, म्हणजे ताईशेजारच्या बाईंच्या त्या सुईला, परवानगी मिळाली आणि चित्र पालटलं. आता भारतात बनलेली त्याची बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच, औषधं मिळतात, त्यामुळे किंमतही खाली आली आहे. या औषधावर असताना साधारण दर तीन महिन्यांनी टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) करायचा असतो, तो चुकवू नका. आणखी एक: १+ किंवा फिश निगेटिव्ह २+ असलेल्यांना आता "हर-टू लो" म्हणतात. आजार पसरलेला असेल तर अशांना ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन हे औषध लागू पडू शकतं, हे २०२२ मध्ये मोठ्या चाचणीत दिसलं. म्हणून शून्य आणि १+ यांतला फरक आता महत्त्वाचा झाला आहे.

आजार काही वर्षांनी परत आला तर हा सगळा रिपोर्ट नव्याने करायला सांगा. गाठीचे रिसेप्टर मधल्या काळात बदललेले असू शकतात.

पायरी ३: बीआरसीए, आणि वेळेचं गणित

स्तनाच्या कॅन्सरपैकी ५ ते १० टक्के जन्मजात जनुकीय बदलामुळे होतात. बीआरसीए जनुकांचं काम तुटलेला डीएनए नीट जोडण्याचं. ते बिघडलं की पेशीला दुसऱ्या, कामचलाऊ दुरुस्तीवर जगावं लागतं, आणि त्यात पार्प नावाचं एन्झाइम मदत करतं. मुंबईकराला हे चटकन कळेल: मध्य रेल्वे बंद पडली की माणूस रस्त्याने निघतो, रस्ताही तुंबला की तो अडकलाच. ओलापॅरिब हे औषध त्या पेशीचा रस्ता बंद करतं. अंगातल्या इतर पेशींत बीआरसीएची एक प्रत शाबूत असते, त्यांची गाडी चालू राहते. म्हणून औषध मुख्यतः गाठीवर बसतं. तरी मळमळ आणि रक्त कमी होणं हे त्रास होतात, आणि नियमित सीबीसी करावी लागते.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑलिंपिया चाचणीत १,८३६ रुग्ण होते. सगळ्यांना बीआरसीएचा जन्मजात बदल होता, हर-टू निगेटिव्ह आजार होता आणि तो परतण्याचा धोका जास्त होता. एक वर्ष ओलापॅरिब घेतलेल्यांपैकी ८५.९ टक्के तीन वर्षांनंतर आजार न परतता होते. नुसती दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी घेतलेल्यांत हा आकडा ७७.१ टक्के होता. किमोतही बीआरसीएमुळे फरक पडतो. ब्रिटनमधल्या टीएनटी चाचणीत, पसरलेल्या आजारात, बीआरसीए बदल असलेल्या ६८ टक्के बायकांची गाठ कार्बोप्लॅटिनने लहान झाली, डोसेटॅक्सेलने ३३ टक्क्यांची. बदल नसलेल्यांत असा फरक दिसला नाही.

आता वेळेचं गणित. बीआरसीएचा रिपोर्ट यायला तीन-चार आठवडे लागतात. आणि ऑलिंपियात औषध शेवटच्या उपचारापासून १२ आठवड्यांच्या आत सुरू केलं होतं. रेडिएशन संपल्यावर चाचणीचा विचार सुरू केला, मग पैशांची जमवाजमव, मग रक्त, मग रिपोर्ट, असं झालं तर हे आठवडे हातातून जातात. म्हणून निदान झालं त्याच महिन्यात विचारा: "बीआरसीएसाठी रक्त आत्ताच द्यायचं का?"

विशेषतः असं असेल तर नक्की विचारा: वय पन्नास किंवा कमी, ट्रिपल निगेटिव्ह आजार (ईआर, पीआर आणि हर-टू तिन्ही निगेटिव्ह), दोन्ही स्तनांत गाठ, पुरुषाला झालेला स्तनाचा कॅन्सर, घरात कुणाला स्तनाचा, बीजकोशाचा, स्वादुपिंडाचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ पासून ६५ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक नव्या रुग्णाला ही चाचणी देऊ करावी असं म्हटलं आहे.

आणि घराण्याचा इतिहास सांगताना वडिलांची बाजू सोडू नका. आमच्याकडे हेच झालं. आईकडे कुणाला काही नव्हतं म्हणून पहिल्या दिवशी फॉर्मवर "कौटुंबिक इतिहास: नाही" असं लिहिलं गेलं. बाबांच्या बहिणीला, म्हणजे आमच्या थोरल्या आत्याला, पोटात पाणी होऊन ती गेली होती, आणि "पोटाचा आजार" एवढंच आम्ही लहानपणी ऐकलं होतं. तो बीजकोशाचा कॅन्सर होता हे चुलतभावाने जुने कागद काढल्यावर कळलं. ताईचा बीआरसीए२चा बदल बाबांकडून आला होता.

रिपोर्टमध्ये तीन प्रकारची उत्तरं येतात. आजाराशी संबंध असलेला बदल सापडला. काही सापडलं नाही. किंवा बदल आहे पण त्याचा अर्थ आज माहीत नाही. या तिसऱ्याला व्हीयूएस म्हणतात. आपल्या लोकांत हे उत्तर जास्त येतं, कारण जगातले मोठे जनुकीय संग्रह मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या नमुन्यांवर उभे आहेत. आपल्याकडे जीनोम इंडिया प्रकल्पाने १० हजार भारतीयांचे जीनोम वाचून पूर्ण केले, त्याने हळूहळू फरक पडेल. तोवर व्हीयूएस आलं म्हणून ओलापॅरिब देत नाहीत आणि दुसरा स्तनही काढत नाहीत. वर्ष-दोन वर्षांनी लॅबला विचारायचं, वर्गीकरण बदललं का.

ट्रिपल निगेटिव्ह आजार असलेल्या तरुण बायकांसाठी एक गोष्ट आपल्याच शहरातली. टाटा मेमोरियलमध्ये ७००हून अधिक ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांवर झालेल्या चाचणीत, ऑपरेशनआधीच्या किमोत कार्बोप्लॅटिन मिळवल्याचा फायदा पन्नाशीपर्यंतच्या बायकांत स्पष्ट दिसला. तेव्हा बीआरसीएचा रिपोर्ट हातात नसला तरी वय कमी असेल तर कार्बोप्लॅटिनबद्दल विचारा.

पायरी ४: टॅमॉक्सिफेन आणि यकृत

या पायरीवर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण ही गोळी हजारो घरांत रोज घेतली जाते आणि तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

टॅमॉक्सिफेन गिळलं तसंच्या तसं फारसं काम करत नाही. यकृतातलं सीवायपी२डी६ हे एन्झाइम त्याचं एंडॉक्सिफेन करतं, आणि खरा जोर एंडॉक्सिफेनचा असतो. हे एन्झाइम प्रत्येकाचं सारखं नसतं. काहींच्या दोन्ही प्रती निकामी असतात. युरोपीय लोकांत असे ५ ते १० टक्के, आपल्याकडे त्याहून कमी. काहींचं एन्झाइम मंद असतं. पूर्व आशियात ही मंद प्रत फार आढळते.

मग प्रत्येकीने ही चाचणी करावी का? तज्ज्ञांतच एकमत नाही. औषध आणि जनुकं यांवर मार्गदर्शन करणाऱ्या सीपिक या आंतरराष्ट्रीय गटाने २०१८ मध्ये सांगितलं, की एन्झाइम निकामी असल्याचं माहीत असेल तर दुसरं हार्मोनचं औषध द्यावं: पाळी गेलेल्यांना अरोमाटेझ इनहिबिटर, पाळी चालू असलेल्यांना त्यासोबत बीजकोशाचं काम थांबवणारं इंजेक्शन. कॅन्सरतज्ज्ञांच्या मोठ्या संघटना मात्र सगळ्यांची चाचणी करा असं म्हणत नाहीत, कारण एंडॉक्सिफेन कमी असलेल्यांत आजार जास्त परततो का, यावर अभ्यासांची उत्तरं जुळत नाहीत. काही अभ्यासांत रक्ताऐवजी गाठीतून डीएनए काढला होता, आणि गाठीत या जनुकाचा भाग गळून गेलेला असू शकतो. त्यामुळेही गोंधळ वाढला.

माझं मत असं: या चाचणीच्या मागे पैसे घालण्याआधी दोन गोष्टी करा, ज्यांना एक रुपया लागत नाही.

पहिली, रोज गोळी. २० मिलिग्रॅम, पाच वर्षं, काहींना दहा. एन्झाइम कितीही चांगलं असलं तरी पोटात न गेलेल्या गोळीचं ते काही करू शकत नाही. ताईने कॅलेंडरवर टिकल्या लावल्या, अक्षरशः कपाळाच्या टिकल्या. पाच वर्षांची कॅलेंडरं आमच्याकडे आहेत.

दुसरी, बाकीची औषधं. तुमचं जनुक उत्तम असूनही दुसरं एखादं औषध ते एन्झाइम दाबून टाकतं आणि तुम्ही जनुक निकामी असलेल्या माणसाच्या जागी जाऊन बसता. पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन ही त्यातली जोरदार. टॅमॉक्सिफेनमुळे अंगातून वाफा येतात, झोप उडते, मन उदास होतं, आणि त्यासाठीच कधी कधी यातली गोळी लिहून दिली जाते. व्हेनलाफॅक्सिनसारखे पर्याय आहेत, ते या एन्झाइमला फारसा धक्का लावत नाहीत. मनाचे उपचार टाळू नका, फक्त त्या डॉक्टरांना टॅमॉक्सिफेनचं नाव सांगा.

आमच्याकडे झालं ते वेगळंच. जुलै महिना, भिजून ऑफिसला जाणं, ताईच्या कंबरेला गजकर्ण. जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांनी मलम आणि महिनाभराची टर्बिनाफिनची गोळी दिली. "आणखी काही औषध चालू आहे का?" हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, आणि ताईलाही सांगावंसं वाटलं नाही, कारण तिच्या लेखी ती "हार्मोनची साधी गोळी" होती. तीन आठवड्यांनी ऑन्कोलॉजीच्या फार्मसीत चिठ्ठ्या एकत्र बघताना तिथल्या मुलीने बोट ठेवलं. टर्बिनाफिनही हेच एन्झाइम दाबतं, आणि गोळी थांबवल्यावरही परिणाम काही आठवडे टिकू शकतो. डॉक्टरांनी ती थांबवून नुसत्या मलमावर भागवलं. ताईला त्याने काही झालं असं नाही. पण मुंबईच्या पावसाळ्यात गजकर्ण घरोघरी असतं आणि ही गोळी सर्रास दिली जाते, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिते आहे.

जेवणातली हळद खुशाल खा. पण हळद आणि मिरीच्या अर्काच्या कॅप्सूल घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. नेदरलँड्समधल्या एका छोट्या अभ्यासात त्यांनी रक्तातलं एंडॉक्सिफेन कमी झालेलं दिसलं. गुळवेलीचा काढा, "इम्युनिटी"ची पावडर, सगळं सांगा. घरच्यांनी प्रेमाने दिलेलं असलं तरी.

पायरी ५: कॅपेसिटाबिन सुरू होण्याआधी

ही किमोची गोळी. साधारण १४ दिवस घ्यायची, ७ दिवस सुट्टी. शरीरात ती ५-एफयू बनते आणि डीपीडी नावाचं एन्झाइम तिचा बहुतांश भाग मोडून टाकतं. हे एन्झाइम डीपीवायडी या जनुकावर ठरतं. ते अर्धवट चालत असेल तर नेहमीचा डोसही जास्तीचा होतो. ते अजिबात नसेल तर जिवावर बेततं. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये हे औषध सुरू करण्याआधी डीपीडीची तपासणी करावी अशी शिफारस केली. एक प्रत सदोष निघाली तर साधारण निम्म्या डोसने सुरुवात करतात, दोन्ही निघाल्या तर औषधच टाळतात.

आपण इथे सावध राहायचं कारण असं, की नेहमीच्या चाचणीत बघितले जाणारे चार बदल युरोपीय रुग्णांवरून ठरलेले आहेत. आपल्या लोकांत दुसरे बदल असू शकतात. "निगेटिव्ह" आलं म्हणजे निर्धास्त असं नाही. चाचणी केली असो वा नसो, पहिल्या आवर्तनात डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा.

नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा जास्त जुलाब, तोंडात पाणीही घेता येऊ नये असे छाले, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर. यातलं काहीही झालं तर पुढची गोळी न घेता रुग्णालयाला फोन करा; सुरुवातीच्या माझ्या विनंतीला हा एवढा एकच अपवाद. "पावसाळ्याचं पाणी बाधलं असेल, उद्या बघू" असं म्हणत घरी ओआरएसवर दोन दिवस काढणं या औषधात फार धोक्याचं आहे. रात्रीचा तातडीचा नंबर गोळ्यांच्या डब्यावरच चिकटवा.

असाच एक छोटा मुद्दा पसरलेल्या आजारात देतात त्या सॅसिटुझुमॅब गोविटेकॅन या औषधाचा. यूजीटी१ए१ या जनुकाच्या दोन्ही प्रती मंद असतील तर पांढऱ्या पेशी जास्त खाली जातात. कावीळ नसताना तुमचं बिलिरुबिन वर्षानुवर्षं थोडं जास्त येत असेल, किंवा कुणी "गिल्बर्ट" हा शब्द वापरला असेल, तर ते सांगा.

पायरी ६: हार्मोन पॉझिटिव्ह, लवकरच्या टप्प्यात: किमो हवीच का?

गाठीतली २१ जनुकं किती सक्रिय आहेत हे मोजून ० ते १०० गुण देणारी चाचणी आहे. २०१८ च्या टेलरेक्स अभ्यासात काखेतल्या गाठी नसलेल्या, पन्नाशीपुढच्या आणि २५ पर्यंत गुण असलेल्या बायकांना किमोने जास्तीचा फायदा दिसला नाही. पन्नाशीच्या आतल्यांना १६ नंतर थोडा दिसला. चाचणीचा खर्च लाखांच्या घरात आहे. हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह असाल तर ती तुमच्यासाठी नाही. किमो लागणारच आहे किंवा लागणारच नाही हे डॉक्टरांना आधीच स्पष्ट असेल तरीही नाही.

पायरी ७: आजार पसरला किंवा परत आला तर

हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह पसरलेल्या आजारात साधारण ४० टक्के गाठींत पीआयके३सीए या जनुकात बदल असतो. तो असेल तर अल्पेलिसिबसारखं औषध हार्मोनच्या औषधाला जोडता येतं. २०१९ च्या सोलार-१ अभ्यासात, बदल असलेल्या रुग्णांत, आजार न वाढता गेलेला काळ ५.७ महिन्यांवरून ११ महिन्यांवर गेला. पण या औषधाने रक्तातली साखर भराभर चढते. आपल्याकडे घरटी एकाला मधुमेह, तेव्हा सुरू करण्याआधी एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) करा आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना आधीच कळवा. ही चाचणी जुन्या ब्लॉकवर होऊ शकते.

ईएसआर१चं, म्हणजे ईआर बनवणाऱ्या जनुकाचं, मात्र उलटं. हा बदल सहसा अरोमाटेझ इनहिबिटर घेत असताना, त्या औषधाला चकवण्यासाठी गाठीत नंतर तयार होतो. पाच वर्षांपूर्वीच्या ब्लॉकमध्ये तो सापडणार नाही. त्यासाठी आजार वाढल्यानंतरचं ताजं रक्त किंवा नवी बायोप्सी लागते. जुना ब्लॉक पाठवून "निगेटिव्ह" घेऊन बसू नका.

पैशांबद्दल, थोडक्यात

औषध योजनेत बसतं का आणि चाचणी बसते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही वेगवेगळे विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना पहिल्याच आठवड्यात भेटा, बिल आल्यावर नाही. इंडियन कॅन्सर सोसायटी आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या मुंबईतल्या जुन्या संस्थांकडेही विचारता येतं. गावाहून येणाऱ्यांसाठी परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आणि दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे.

पायरी ८: घरच्यांना सांगणं

बीआरसीएचा बदल सापडला तर भावंडं आणि मुलं, मुलगे धरून, यांपैकी प्रत्येकाकडे तो असण्याची शक्यता पन्नास टक्के. त्यांना सगळी मोठी चाचणी करावी लागत नाही. घरात सापडलेला नेमका बदलच शोधायचा असतो, त्यामुळे खर्चही कमी येतो. त्यासाठी मूळ रिपोर्टची प्रत हवी.

हे सांगणं अवघड आहे. ताईच्या मनात पहिली आली ती तिच्या मुलीच्या लग्नाची काळजी, आणि मी तिला ती काळजी चुकीची आहे असं म्हणू शकले नाही. जनुकीय समुपदेशकांनी आम्हाला रस्ता दाखवला: मुलगी एकोणीस वर्षांची आहे, तिची चाचणी आजच केली पाहिजे असं नाही, ती पंचविशीच्या आसपास स्वतः ठरवेल, रिपोर्ट तिचा असेल आणि कुणाला दाखवायचा हेही तीच ठरवेल. परळला टाटा मेमोरियलमध्ये आणि खारघरला त्यांच्याच अ‍ॅक्ट्रेक केंद्रात असं समुपदेशन मिळतं.

मी स्वतः रक्त दिलं, माझ्यात तो बदल नाही. मग आम्ही दोघींनी बसून एक पत्र लिहिलं. जनुकाचं नाव, बदलाचा रिपोर्टमधला नेमका क्रमांक, लॅबचं नाव, तारीख आणि खाली दोन ओळी: "तुम्हाला हे कळायला हवं असं आम्हाला वाटतं. विचारावंसं वाटलं तर केव्हाही फोन करा." ते सात जणांना पाठवलं, सगळे बाबांच्या बाजूचे. चार जणांचं उत्तर आलं नाही. कुडाळच्या आत्येबहिणीने, थोरल्या आत्याच्याच मुलीने, तिसऱ्या दिवशी फोन केला. ती गणपतीनंतर येते आहे. येताना आत्याचे जुने कागद आणि स्वतःच्या सोनोग्राफीचे रिपोर्ट आणायला सांगितलंय, आणि ताईच्या रिपोर्टची झेरॉक्स तिच्यासाठी मी फाईलमध्ये वेगळी काढून ठेवली आहे.